चौकटीखालचा हात

मिस्टर बास्कमशी माझी ओळख भांडणातून झाली. माझं वर्तमानपत्रांचं दुकान गॉस्पोर्टला, पोर्ट्समथसमोर खाडीपलीकडे, फेरीबोटीच्या धक्क्यापासून चौथं. नवरा गेल्यावर मी ते एकटीनं चालवलं आणि चांगलं चालवलं, उगाच नम्रपणा कशाला करू? दाराशी तारेचा एक फिरता स्टँड होता. त्यावर युद्धाची चित्रपुस्तकं असत, तळहाताएवढी, चौसष्ट पानांची, शिलिंगला एक. काही विमानांची, काही रणगाड्यांची, काही पाणबुड्यांची. पासष्ट सालातली गोष्ट. एके सकाळी बघते तर पाणबुडीच्या पुस्तकांत कुणीतरी पेन्सिलनं गिरगटून ठेवलेलं. 'जहाज' शब्दावर काट आणि वर 'बोट', पाणबुडीवाले म्हणतात तसं. कप्तानाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाला बाण काढून समासात लिहिलेलं, 'तीन आठवडे अंघोळ नाही. असला शर्ट कुठून आणला?'

मी पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी गडी सापडला. पन्नाशीचा, बुटका, मानेनं जाड, बोटांच्या पेरांत वंगण मुरलेलं. फेरीच्या इंजिनांवर फिटर आहे एवढं मला चेहऱ्यानं ठाऊक होतं.

"काय हो, ही काय शाळेची वही आहे का?" मी म्हटलं.

"चुकीचं छापलंय, बाई."

"मग छापणाऱ्याला सांगा. माझं कशाला वाटोळं करताय?"

त्यांनी स्टँडवर होती तेवढी सहाही पाणबुडीची पुस्तकं उचलली, काउंटरवर ठेवली आणि निमूटपणे विकत घेतली. त्यानंतर दर महिन्याला नवा गठ्ठा आला की पाणबुडीच्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मी त्यांच्यासाठी बाजूला काढायला लागले. मी 'मिसेस पिनहॉर्न'ची 'मिसेस पी' झाले. ते मात्र शेवटपर्यंत मिस्टर बास्कमच राहिले, कारण त्यांना हेडली म्हणणारी एकच बाई होती, त्यांची बायको एनिड, आणि तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

त्यांचं आयुष्य सांगायचं तर दोन ओळींत संपेल. डेव्हनचा माणूस. पंधराव्या वर्षी नौदलात उमेदवारीला लागला, इंजिनं शिकला, मग पाणबुड्यांवर गेला. लढाई झाली, लग्न झालं, मूल झालं नाही. आता गॅसच्या टाकीमागच्या जमिनीच्या तुकड्यात लीकचे लांब दांड्याचे कांदे लावायचा आणि रविवारी त्यातले दोन मला वर्तमानपत्रात गुंडाळून आणून द्यायचा, माझ्याच वर्तमानपत्रात. आमच्या गावात पाणबुड्यांचा तळच आहे, पाणबुडीवाले काही कमी नाहीत. पण बाकीचे ती पुस्तकं बघून हसायचे. जर्मन नेहमी 'आख्!' करून मरतो, आपला कप्तान नेहमी दाढीवाला, जबडा चौकोनी. हे एकटेच ती अशी वाचायचे, जणू त्यात त्यांचं काही हरवलंय.

आणि वाचायची पद्धतही विचित्र. पानं भराभर उलटायची आणि पेरिस्कोपचं चित्र आलं की थांबायचं. फक्त तिथंच. संवादाच्या फुग्यातल्या वाक्यावर बोट ठेवून वाचायचं, मान हलवायची, पुढे. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मला राहवेना.

"काय शोधताय?"

"काही नाही. सगळे 'पेरिस्कोप वर! पेरिस्कोप खाली!' म्हणून बोंबलतात. कुणी बोंबलत नाही, मिसेस पी. कप्तान हातानं खूण करतो. पंजा वर, पेरिस्कोप वर. पंजा खाली, खाली."

"एवढंच?"

"एवढंच," ते म्हणाले, आणि माझी खात्री पटली की एवढंच नाही.

सदुसष्टच्या मार्चमध्ये त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. नवा गठ्ठा नुकताच सुटला होता. नेहमीसारखे काउंटरला टेकून ते पुस्तक चाळत होते, आणि मधेच हात थांबला. मी सिगारेटची पाकिटं लावत होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही म्हणून वळले, तर माणूस पांढराफटक. स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं, दारावर 'बंद'ची पाटी फिरवली.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं. चित्रात कप्तान पेरिस्कोपला डोळा लावून उभा. चौकट छातीशी कापलेली. फुग्यात दोनच शब्द, 'थँक यू!' पुढच्या चित्रात पेरिस्कोप खाली घसरतोय आणि कप्तान चमकलेला.

"यात काय एवढं?"

"असं म्हणणारा जगात एकच कप्तान होता," मिस्टर बास्कम म्हणाले. "आमचा."

मग चहा झाला, दाट दुधाचा, आणि तो संपेपर्यंत मला सगळं कळलं. त्रेचाळीस साल, भूमध्य समुद्र, बोटीचं नाव टर्नस्टोन. कप्तान थर्लो. त्याला हाताची खूण जमायची नाही, किंवा आईनं वळण लावलेलं असेल. पेरिस्कोप खाली घ्यायचा झाला की तो शांतपणे म्हणायचा, 'थँक यू.' पेरिस्कोप वरखाली करायचा दांडा मिस्टर बास्कमच्या हातात. कप्तानाकडे पाठ, तोंड नळ्यांच्या भिंतीकडे. 'थँक यू' ऐकलं की दांडा ओढायचा. दिवसातून शंभरदा.

त्या दिवशी वर शत्रूचं पहारेकरी जहाज होतं. कप्तान बघत होता. तेवढ्यात शायनर कोको घेऊन आला. शायनर म्हणजे बिनतारी संदेशवाला राइट. नौदलात राइट आडनावाचा दिसला की त्याला शायनर म्हणायचं, त्याचं पाळण्यातलं नाव कुणी विचारत नाही. बोटीवरचा कोको चमचा उभा राहील इतका घट्ट, आणि संदेश नसले की तो वाटायचं काम त्याच्याकडे.

"मला मागून ऐकू आलं, 'थँक यू.' मी दांडा ओढला. पेरिस्कोप खाली गेला. कप्तान ओरडला, 'वर! वर घ्या!' परत वर यायला दहा सेकंद लागली. त्या दहा सेकंदांत ते जहाज आमच्याकडे वळलं होतं, मिसेस पी. दिसलं असतं तर आम्ही आधीच खोल गेलो असतो."

वरून पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बची पिंपं पडली. दिवे गेले, काचा, कप, सगळं फुटलं. बोटीच्या मागच्या भागात दोघं मेले. ग्रीव्ह आणि ओकशॉट.

"तो थँक यू कोकोला होता की मला, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "कप्तानानं कधी विचारलं नाही, अहवालात लिहिलं नाही. माल्टाला पोचल्यावर आठवड्यात शायनर दुसऱ्या बोटीवर गेला. कप्तान एकोणपन्नासमध्ये न्यूमोनियानं वारला. कोकोचा मग जर कप्तानाच्या हातात तेव्हा आला असेल, तर थँक यू त्या मगाला होता आणि मी गाढव. आला नसेल, तर मला होता. मी हुकूम पाळला, बस्स."

आणि चित्राची चौकट नेमकी छातीशी कापलेली! मी माझं भिंग आणलं, ज्यानं मी फुटबॉलच्या निकालांचे बारीक आकडे बघते. दोघांनी आलटूनपालटून बघितलं. हात दिसेना. चित्रकार कुठला परदेशी, स्पेनचा की इटलीचा, त्या बापड्याला काय ठाऊक की दोन इंच खाली काढलं असतं तर एका माणसाचा चोवीस वर्षांचा घोर मिटला असता. मला त्याचा इतका राग आला की मी भिंगच आपटलं.

"हे लिहिलंय कुणी पण?" मी म्हटलं.

पुस्तकावर नाव नव्हतं. त्या पुस्तकांवर लेखकाचं नाव कधीच नसे. मिस्टर बास्कमनी मान खाली घातली. पण माझ्या डोक्यात किडा शिरला होता. त्या रविवारी मी मागच्या खोलीतले न खपलेले गठ्ठे सोडले आणि दोन वर्षांची पाणबुडीची पुस्तकं जमिनीवर पसरून वाचली. जन्मात इतके स्फोट वाचले नव्हते. सगळी एकाच्या हातची नव्हती, ते लगेच कळत होतं. पण सात पुस्तकं अशी निघाली की ज्यांत कोकोचा मग होता. आणि सातही पुस्तकांत तो मग नेणारा माणूस मरत होता. एकात लाटेनं वाहून गेला, एकात दाराआड कोंडला गेला, एकात नुसता जिन्यावरून पडून मेला, ज्याची कथेला काडीची गरज नव्हती.

सोमवारी ते दुकानात आले तेव्हा मी सातही पुस्तकं ओळीनं मांडून ठेवली होती.

"हा लेखक कोकोवाल्याला जिवंत ठेवतच नाही, मिस्टर बास्कम. का?"

त्यांनी एकेक उघडून पाहिलं. मग टोपी काढली. दुकानात त्यांनी टोपी काढलेली मी तेव्हाच पाहिली.

"शायनर," ते म्हणाले. "शायनर लिहितोय हे."

प्रकाशकाला पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, म्हणजे मी सांगितलं चार पानांचं आणि त्यांनी लिहिलं दोन ओळींचं. 'ज्यानं हे लिहिलं तो टर्नस्टोनवर होता. दांड्यावर मी होतो. बास्कम.' उत्तर आलं की लेखकांची नावं कळवण्याची पद्धत नाही, पत्र पुढे धाडलं आहे. मग तीन आठवडे काही नाही. ते तीन आठवडे मिस्टर बास्कम दुकानात रोज दोनदा यायला लागले, आणि काडेपेट्या घ्यायला लागले. त्या काळात त्यांनी घेतलेल्या काडेपेट्यांत गॉस्पोर्ट जळून खाक झालं असतं.

एप्रिलच्या शेवटी पोस्टकार्ड आलं. 'शनिवार, दोन वाजता, पोर्ट्समथ हार्बर स्टेशनचं चहाचं दुकान. मी पाणी ओलांडून गॉस्पोर्टला येणार नाही. शायनर.'

"तुम्ही येता का?" त्यांनी मला विचारलं. "मी एकटा गेलो तर हवापाण्यावर बोलून परत येईन. मला माझी खात्री नाही."

"तुम्ही विचारलं नसतंत तरी मी तुमच्या मागून आले असते," मी म्हटलं.

दुकान दुपारी बंद केलं. फेरीत बसल्यावर ते ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. जरा कान दिला. प्रश्न घोकत होते. "शायनर, तो मग कप्तानाच्या हातात होता का? शायनर, तू तो मग दिला होतास का?" पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी तो पंचवीस वेळा म्हटला असेल.

शायनर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. जाडजूड, टक्कल पडलेला, पाणीपुरवठा कचेरीतला कारकून वाटावा असा, आणि होताही तोच. चित्रपुस्तकं तो संध्याकाळची लिहायचा. आम्हाला बघून उठला, खुर्ची पडली, उचलली, परत पडली. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मिसेस बास्कम?"

"देवा रे, नाही," मी म्हटलं. "मी पेपरवाली."

चहा आला. कुणी हात लावेना. मिस्टर बास्कमनी घसा खाकरला. मी टेबलाखालून त्यांच्या नडगीला बूट लावला, विचारा एकदाचं म्हणून. पण शायनरच आधी बोलला.

"बास्कम, तुझं पत्र आलं आणि मी तीन दिवस जेवलो नाही. तू मला शोधणार हे मला ठाऊक होतं. त्या दोघांना मी मारलं. ग्रीव्हला आणि ओकशॉटला. कुणी सांगितलं होतं मला तेव्हा कोको न्यायला? पाच मिनिटं थांबलो असतो तर काय आभाळ कोसळत होतं? माझ्या बायकोला वाटतं मला लिहायची हौस आहे. हौस कसली! मी ते दर वेळी वेगळं लिहून बघतो. आणि दर वेळी तो मूर्ख कोकोचा मग घेऊन येतोच."

त्याचा आवाज चिरकला. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती परत केककडे वळली.

"मी शिडीपाशी आलो," शायनर म्हणाला, "वाकून कप्तानाच्या कोपराशी उभा राहिलो, तो तसाच डोळा लावून, आणि मी तो मग असा पुढे केला, आणि त्यानं..."

"थांब," मिस्टर बास्कम म्हणाले.

आणखी तीन शब्द, फार तर चार. माझा जीव टांगणीला लागला होता, त्यांचा तर किती लागला असेल?

"थांब, शायनर. तू कधी आलास तेच मला माहीत नाही. मी काही ऐकलं नाही."

"थँक यू म्हणाला तो. मोठ्यानं म्हणाला."

"असेल म्हणाला. मला ऐकू आलं नाही. माझे हात तेलकट होते. पुसायचा कंटाळा केला. दांडा निसटला."

"निसटला?"

"निसटला. तुझ्या कोकोचा काही संबंध नाही. तू तिथं नसतास तरी निसटला असता."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त टेबलावर पालथा ठेवलेला हात थोडा उचलला. मी तोंड मिटलं. आयुष्यात मला गप्प बसवणं फार थोड्यांना जमलं आहे.

मला वाटलं शायनर रडेल, गळ्यात पडेल. पण माणूस कसला हो! त्याचा चेहरा आधी सैल झाला, आणि मग लालभडक.

"चोवीस वर्षं!" तो म्हणाला. "चोवीस वर्षं तुला ठाऊक होतं, आणि तू एक अक्षर बोलला नाहीस? मी रोज रात्री त्या दोघांच्या आयांना तोंड देतोय झोपेत, आणि तू तिकडे मजेत इंजिनं पुसतोयस? हलकटा! अरे, एक पत्र टाकायचं होतंस!"

"टाकायला हवं होतं," मिस्टर बास्कम म्हणाले. "चुकलंच माझं."

शायनर उठला. हात मिळवला नाही. दारापर्यंत गेला, हॅट राहिली म्हणून परत आला, मला म्हणाला, "माफ करा, बाई, तुमच्यासमोर असलं बोललो," आणि गेला. फलाटावरून जाताना मी त्याला खिडकीतून पाहिलं. आला तेव्हा पाय ओढत आला असेल की नाही मला माहीत नाही, पण जाताना चांगला ताडताड चालत होता.

फेरीत बसेपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग माझा बांध फुटला. काय काय बोलले ते आता आठवत नाही. तुम्ही वेडे आहात का, विचारायला गेलात आणि फुकटचं पाप डोक्यावर घेऊन आलात, त्या माणसाच्या तोंडात उत्तर आलं होतं, माझ्या कानांपर्यंत पोचणारच होतं! ते कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "मिसेस पी, तुमची टोपी उडेल." बस्स. एवढंच.

सप्टेंबरात गठ्ठा आला. सुतळी कापली आणि वरचंच पुस्तक पाणबुडीचं. मी ते उभ्याउभ्या वाचलं. कोकोवाला यात होता, आणि या वेळी जिवंत राहिला. नुसता जिवंत नाही, शेवटी बोट तोच वाचवतो. आणि दांड्यावरचा माणूस? थोराड जबड्याचा, बारीक डोळ्यांचा, अंगावर तेलाचे डाग, सगळे त्याला 'लोणी' म्हणतात, कारण त्याच्या हातातून सगळं निसटतं. बाविसाव्या पानावर दांडा निसटतो. एकोणसाठाव्या पानावर कप्तान त्याला सगळ्यांसमोर म्हणतो, 'दोन चांगली माणसं तुझ्या आळसानं मेली.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या अंकाच्या आलेल्या सगळ्या प्रती मी पुन्हा सुतळीत बांधल्या, परत पाठवायला. तेवढ्यात मिस्टर बास्कम आले.

"आला का नवा?"

"नाही आला."

त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. काय करणार? दिलं. काउंटरला टेकून त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, एकही पान गाळलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी उगाच बरण्या पुसत होते.

"बरं लिहिलंय," ते म्हणाले.

"बरं लिहिलंय? मी आज लिहिते त्याला पत्र. खरं काय ते सगळं कळवते."

"नका. पुढच्या महिन्याची जाहिरात पाहिलीत का मागच्या पानावर? कोकोवाल्याचा नवा पराक्रम, वाळवंटात. शायनरनं समुद्र सोडला, मिसेस पी. उंटांवर लिहायला लागला."

"आणि तुम्ही?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही मला राग येत होता. "तुम्हाला नाही का सुटायचं? तुम्ही घोकत गेला होतात तो प्रश्न. एक वाक्य! त्याला बोलू दिलं असतंत, तर कदाचित तुमचा काहीच दोष नाही असं निघालं असतं."

"निघालं असतं कदाचित," ते म्हणाले. त्यांनी शिलिंग काउंटरवर ठेवलं आणि पुस्तक कोटाच्या खिशात घातलं. "पण मग तो घरी जाताना काय घेऊन गेला असता?"